खाणीचं गाव रिकामं होताना

२०१२मध्ये नवऱ्याला वेस्ट कोस्टवरच्या कोळशाच्या खाणीत सुपरवायझरची नोकरी लागली आणि आम्ही ऑकलंडहून त्या लहानशा गावात राहायला गेलो. शेजारी एक निवृत्त खाणकामगार होते. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. त्यांचा मुलगा नवऱ्याच्याच हाताखाली काम करायचा.

एका रविवारी काका आम्हाला डोंगरावर घेऊन गेले. त्यांचं जन्मगाव तिथे होतं. आता नुसतं काटेरी रान आणि मधूनच उभी एखाद्या पडलेल्या घराची विटांची चिमणी. "इथे आईचं स्वयंपाकघर," काका एका चिमणीपाशी थांबून म्हणाले. जवळच रुबार्ब नावाच्या आंबट भाजीचे लाल दांडे वाढले होते, त्यांच्या आईनेच लावलेले. माझ्या लेकीने विचारलं, "व्हेअर डिड एव्हरीवन गो?"

"खाली, तुमच्या गावात," ते म्हणाले. "वरची खाण संपली, खालची सुरू होती."

तेव्हा खालचं गाव गजबजलेलं होतं. मी शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ काम करायचे, नव्या मुलांचे प्रवेश चालूच असायचे. मग कोळशाचे भाव पडले. दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या मुलासाठी निरोपाचा केक येऊ लागला. दोन वर्ग मिळून एक झाला.

एका दुपारी नवरा लवकर घरी आला. बूट न काढताच पायरीवर बसून राहिला.

"आज माझ्या माणसांना नोकरी गेल्याचं सांगायला लावलं मला," तो म्हणाला. "काकांच्या मुलालासुद्धा."

दुसऱ्या दिवशी काकांना तोंड कसं दाखवायचं, हेच आम्हाला कळेना. सकाळी तेच कुंपणापाशी आले. नवरा काही बोलणार तोच ते म्हणाले, "मलाही एकदा असंच सांगितलं होतं. सांगणारा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. त्याला आम्हीच चहा पाजला." मग म्हणाले, "ये, चहा घे."

नवरा गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

काकांचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. काही महिन्यांनी नवऱ्याचीही नोकरी गेली आणि आम्ही हॉर्नबी या शहरी उपनगरात आलो. इथे तो एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. पगार कमी आहे, पण झोप लागते त्याला.

२०१८च्या उन्हाळ्यात आम्ही काकांना भेटायला गेलो. डेअरीला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला, कुलूप होतं. शाळा चालू होती, पण मुलं मोजकीच. मुलगा सारखा बोलावत असूनही काका गाव सोडायला तयार नव्हते. रिकाम्या घरांच्या अंगणातलं गवत ते स्वतःच कापत.

त्या दिवशी त्यांचं गवत कापायचं यंत्र बिघडलं होतं. नवरा आणि ते, दोघं अंगणात ते खोलून बसले. हात काळे झाले, चहा गार झाला. खाणीचा विषय कुणीच काढला नाही. मी आणि लेक पायरीवर बसून त्यांचं बोलणं ऐकत राहिलो.