कॅमेरा कोणी धरायचा

त्या घरातल्या कुठल्याही फोटोत ताई अर्धीच दिसते. चेहरा, डावा खांदा, डावा हात. आणि तिच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे, धाकटा भाऊ. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. बुकबाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्राने ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि उरलेली कायमची ताठ करून ठेवली, तेव्हा धाकटा शाळेत होता. त्यानंतर पहिल्यांदा घरचा फोटो निघाला, तेव्हा तो आपणहून येऊन तिच्या उजवीकडे उभा राहिला, आणि मग ती रीतच पडली. फोटोग्राफर "जरा सरका" म्हणाला की घरातले सगळे त्याच्याकडे असे बघत, की तो मुकाट्याने बटण दाबून मोकळा होई.

ताईने कारखाना सोडला नाही. कागद दुमडणं, शिवणं, पुठ्ठ्याला खळ लावणं, सगळं तिने डाव्या हाताला शिकवलं. मालक म्हणायचे, "बाई, तुमचा एक हात दोघींचं काम करतो."

"मग पगारही दोघींचा द्या."

मालकांना नेमकं तेव्हाच कोणालातरी फोन करायचं आठवायचं.

लग्न तिने केलं नाही. आई गेल्यावर धाकट्याला तिनेच वाढवलं. पुढे त्याची बायको आली, मग मुलगी झाली. मुलगी पायावर उभी राहिली ती गिरक्या घेतच, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. ताई निवृत्त झाली त्याच सुमारास भिंगरीला वाक्यं बोलता यायला लागली, आणि त्याच सुमारास धाकट्याची लांबच्या शहरात बदली झाली. मागे राहणार होते बाबा आणि ताई. बाबा मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "घर मोठं होईल." एवढंच.

दुसऱ्या दिवशी ताईने जाहीर केलं, की तिला व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आहे.

"छान," धाकटा म्हणाला. "मी चालवेन. तू चित्रात ये."

पण चित्रात यायला ताईला कॅमेरा नको होता. भिंगरी तिच्याकडे बघून जशी बोलते, जशी धावत येते, तशी ती तिला ठेवायची होती. धाकट्याच्या हातात कॅमेरा गेला तर भिंगरी बापाकडे धावणार, आणि ताई पुन्हा कडेला अर्धी उभी राहणार. एवढी साधी गोष्ट सांगायला तिला लाज वाटत होती. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती भावाबरोबर दुकानात गेली.

विक्रेता टक्कल पडलेला, सोशिक माणूस होता. त्याने काचेवर एकामागून एक कॅमेरे मांडले आणि बॅटरी किती चालते, लांबचं किती जवळ दिसतं, अंधारात कसं दिसतं, ते पाठ केल्यासारखं सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाव्या हाताने धरायचा कुठला?"

"डाव्या हाताचा नसतो, मॅडम. पट्टा उजवीकडेच असतो. त्यातून उजवा हात घालायचा, अंगठ्याने बटण दाबायचं."

"अहो, धरणार मी आहे," धाकटा म्हणाला. "तिला नका दाखवू."

"पैसे माझे आणि हात तुझा?" ताई म्हणाली.

विक्रेत्याचं लक्ष तेव्हा तिच्या उजव्या हाताकडे गेलं. तो स्वेटरच्या खिशात होता, आणि ज्या तऱ्हेने तो खिशात होता त्यावरून विक्रेत्याला कळायचं ते कळलं. त्याने मागच्या खोलीतून खांद्यावर ठेवायचा मोठा कॅमेरा आणला. ताईने तो खांद्यावर घेतला आणि एका अंगाने कलंडली.

"नाकापेक्षा मोती जड," धाकटा म्हणाला.

मग तिवई निघाली. तिवईवर कॅमेरा ठेवला की हाताचा प्रश्नच नाही, असं विक्रेत्याचं म्हणणं. ताई म्हणाली, "मुलगी एका जागी उभी राहत असती तर तिचं नाव भिंगरी कशाला पडलं असतं?"

एक छोटा कॅमेरा तिने डाव्या हाताने विटेसारखा खालून पेलून पाहिला. अंगठा बटणापर्यंत पोचेना.

"ताई, पुरे आता," धाकटा म्हणाला. "मी आहे ना?"

"रविवारनंतर नाहीस."

धाकटा दारापाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. विक्रेता फोन घ्यायला आत गेला. ताईने कॅमेरा काचेवर ठेवला, पुन्हा उचलला, आणि कारखान्यात एखादं पुस्तक शिवणीत अडलं की जसं फिरवून बघायची तसा फिरवला. वरची बाजू खाली गेली तसा पट्टा डावीकडे आला. तिने हात सरकवला. मापाने शिवल्यासारखा बसला. अंगठा बटणावर आपसूक गेला. पडदा उघडून पाहिलं, तर दारातला धाकटा त्यात नीट उभा होता, डोकं वर, पाय खाली, कान खाजवत.

"उलटा धरलायस," धाकटा वळून म्हणाला.

"चित्र सुलट दिसतंय."

विक्रेत्याने येऊन पडद्यात पाहिलं. "दिसतंय खरं," तो म्हणाला, आणि बिल करायला घेतलं.

पुढचे दिवस ताईच्या हातातून कॅमेरा सुटला नाही. भिंगरीने बांधून ठेवलेली खोकी उपसली, ते घेतलं. बाबांनी तोंडभर साबण लावून तिला घाबरवलं आणि ती घाबरली नाही, ते घेतलं. भावजय म्हणायची, "ताई, माझं नका हो काढू, केस बघा माझे," आणि म्हणता म्हणता केस सारखे करून उभी राहायची. सूचना द्यायला धाकटा होताच: हलवू नकोस, उजेडाकडे पाठ कर, जवळून घे. स्वतः खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता.

शनिवारी दुपारी सामान बांधून झालं. बाबांच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला कॅमेरा जोडला आणि सगळे पलंगावर बसले.

पडद्यावर भिंगरी छताला लटकून खोकी उपसत होती. फडकी खालून वर पडत होती. बाबांच्या कपाळाखाली साबणाची दाढी नव्हती, दाढीखाली कपाळ होतं. भिंगरीने पलंगावरून डोकं खाली सोडलं आणि त्या स्थितीत स्वतःला बघून खूश झाली. भावजयीने ओठ दाबून हसू आवरलं.

"मी म्हणालो होतो," धाकटा म्हणाला.

कॅमेऱ्यासोबत त्याचा छोटा पडदाही उलटा होत होता, म्हणून त्यात सगळं सुलट दिसत होतं. हे आता बसल्या बसल्या सगळ्यांना कळलं. ताई टीव्हीकडे बघत राहिली. हा एवढाच आठवडा तिला मिळणार होता, आणि तो असा निघाला होता. भिंगरी उद्या सकाळी जाणार होती.

"जाऊ दे," धाकटा जरा मऊ होऊन म्हणाला. "उद्या निघताना मी नीट काढून देतो."

बाबा उठले. त्यांनी पलंगावरची घोंगडी घडी करून टेबलावर टाकली आणि म्हणाले, "हा बंद कर आणि उलटा ठेव."

"कॅमेरा?"

"टीव्ही."

धाकट्याने आणि भावजयीने मिळून तो उचलला. जड होता. घोंगडीवर डोकं खाली करून तो बसला, बटणं वर आली, एका कोपऱ्यात चित्राला जांभळट डाग पडला. पण माणसं जमिनीवर उतरली.

सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. शेवटी भिंगरी दूर दारात उभी होती, आणि कॅमेऱ्यामागून ताईचा आवाज आला, "ये गं." आवाजापाठोपाठ चित्रात एक हात पुढे आला. दोन बोटं नसलेला, बाकीची ताठ, पडद्यावर अगदी मोठा. भिंगरी धावत आली, त्यातलं एक ताठ बोट तिने मुठीत धरलं आणि त्याच्याभोवती गिरकी घेऊ लागली. "आत्या, सोडू नको हं," ती म्हणत होती.

ताईचा हात खिशात गेला.

"मागे घे," बाबा म्हणाले. "तेवढं परत लाव."

धाकट्याने परत लावलं. इतक्या वर्षांत तो हात त्याने इतका नीट पाहिला नव्हता. तो नेहमी त्याच्या पाठीशी असायचा.

रविवारी गाडीत सामान चढलं. कॅमेरा धाकट्याच्या हातात होता, बॅटरी बघायला म्हणून त्याने घेतलेला. ताई बाजूला झाली. त्याने कॅमेरा उलटा केला, तिच्या डाव्या हातावर चढवला, पट्टा घट्ट केला, आणि बायको-मुलीजवळ जाऊन उभा राहिला.

"घे," तो म्हणाला. "उजेडाकडे पाठ कर."

टीव्ही रोज उलटसुलट करणं बाबांच्या कमरेला झेपेना, म्हणून ताईने दुसरा एक जुना टीव्ही आणून शेजारी ठेवला, कायमचा उलटा. वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला तेव्हा त्याने विचारलंच.

"दोन दोन टीव्ही? आणि हा असा का?"

"तो बातम्यांचा," बाबा म्हणाले. "हा घरचा."