लेकीच्या तोंडचा आकडा

पप्पांना माझ्याशी बोलायचं असलं की एकच प्रश्न असायचा. ओझरच्या कारखान्यातून सुटले, कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरले, की घरी येऊन दारातच विचारायचे, "बोल बेटा, आज कुठला?" मी शून्य ते नऊमधला एखादा आकडा सांगायचे. ते तसेच उलटे फिरायचे आणि टपरीवर जाऊन तो मटक्याला लावून यायचे. लहान लेकराच्या तोंडून आलेला आकडा खोटा जात नाही, असा मटकेवाल्यांचा पक्का समज. धाकट्या भावाचा लागला नाही, त्याला कायमची सुट्टी. माझा पहिल्याच फटक्यात लागला होता. मेलं माझं नशीब.

आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. आमच्या कॉलनीत कुणाचा बाप पोरीला काही विचारायचा? आकडा लागला की पेढे यायचे, पप्पा मला जवळ घ्यायचे. नाही लागला तर रागवायचे नाहीत, मारायचे नाहीत. फक्त जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत. आईचं मंगळसूत्र मोडलं, तेव्हा मला वाटलं, ते मीच घालवलं. आई म्हणायची, "पोरीला कशाला ओढता यात?" त्यावर पप्पा म्हणायचे, "अगं, नुसतं विचारलं तर काय बिघडलं?"

सातवीत मला टायफॉइड झाला. दवाखान्यात ठेवलं होतं, ताप उतरायचं नाव घेत नव्हता, मी काहीबाही बरळत होते. डोळे उघडले तर पप्पा माझ्या तोंडाशी कान नेऊन बसलेले. वाटलं, काळजीनं बसलेत. तेवढ्यात हळूच म्हणाले, "आत्ता काय म्हणालीस? चार ना?" तापात बरळलेला आकडा तर हमखास लागतो म्हणे. आईनं ते ऐकलं. मला बरं वाटल्यावर ती आम्हा दोघा भावंडांना घेऊन सरळ निफाडला माहेरी गेली.

पप्पा न्यायला आले, तर तिनं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. "सुटलं की या," एवढंच म्हणाली.

मग पप्पांच्या बसमधल्या एका फिटर काकांनी त्यांना धरलं. काका स्वतः मटक्यापायी पार धुतले गेलेले आणि त्यातून बाहेर आलेले. ते आणि त्यांच्यासारखे काही जण रविवारी पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात जमायचे. पप्पा आधी म्हणाले, "मी काय दारुडा आहे का?" पण काका पिच्छा सोडेनात. त्या बैठकीत एक नियम होता. कुणीही आकडा उच्चारायचा नाही. किती हरलो, किती दिवस खेळलो नाही, काही सांगायचं नाही. कुठलाही आकडा कानावर पडला की यांचे हात शिवशिवायचे. म्हणून "आजचा दिवस गेला" असं म्हणायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. पोरांच्या त्या बुटक्या बाकावर बसून पप्पा रडले, असं काकांनीच आईला येऊन सांगितलं. तलफ आली की काहीही न बोलता काकांच्या घरी जाऊन बसायचं, असंही ठरलं होतं.

आम्ही परत आलो. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलेलं होतं. पप्पा खरंच सुटले होते. फक्त आता ते मला काही विचारत नव्हते. माझ्याशी दुसरं काय बोलायचं, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी समोर आले की बाजूला व्हायचे, मी तोंड उघडलं की घाबरायचे. संताप यायचा मला. सुटायचं तर मटक्यातून सुटा, माझ्यातून कशाला?

मग ठरवलं, दहावीला असे मार्क पाडायचे की या माणसाला माझ्याशी बोलावंच लागेल. वर्षभर मान मोडून अभ्यास केला.

निकाल लागला त्या दिवशी शाळेतून पळतच घरी आले. पप्पा पलंगावर बसले होते. मी गुणपत्रिका पुढे धरली. "पप्पा, मला..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी मान फिरवली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"नको बेटा, सांगू नकोस. पास झालीस ना, तेवढंच सांग."

मी म्हटलं, "पास झाले."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून बाहेर पडले. टपरीकडे वळतात की काय, हे बघायला आई धावत गॅलरीत गेली. ते काकांच्या घराकडे वळले. आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "देव पावला."

तिला पावला असेल. मी शाळेत पहिली आले होते, आणि ते पप्पांना सांगता आलं नाही, कारण तोही आकडाच होता. पुढे ते मरेपर्यंत खेळले नाहीत. मी पहिली आले होते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.