पिन ओट्यावर होती आणि कॉम्प्युटर चालू होता

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे वायर, करंट, व्होल्टेज यापलीकडं डोकं चालवायची सवयच नाही. तरी हे लिहितोय... कारण हे मी स्वतः पाहिलंय, आणि आठवलं की अजून छाती धडधडते – भीतीनं नाही, वेगळ्याच आनंदानं.

आमचं घर अहमदपूरला, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचं भांड्यांचं दुकान. घरात अप्पा, आई, मी आणि माझी मोठी बहीण – तिला मी अक्का म्हणतो. तो दुष्काळाचा उन्हाळा. गल्लीत टँकर आला की भांडणं, बाकी वेळ हॉटेलात एकच विषय – उदगीरचा नवा जिल्हा होणार का, अन् झाला तर आपण तिकडं जाणार का लातूरातच राहणार. लाइटचा तर काही भरवसाच नव्हता.

अक्काचं एम.एस्सी. झालेलं. पुण्याच्या एका कंपनीनं तिची मुलाखत व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरवलं. अप्पांनी आधीच सांगितलं, "हे जमलं तर जा पुण्याला. न्हाई तर लोह्याचं स्थळ आलंय, ते बघू." त्या दिवसापासून अक्काचं जेवण कमी झालं.

आणि नेमका आमचा कॉम्प्युटर बसला. व्हायरसनं सिस्टिमच उडाली. नांदेडच्या मित्राकडून नवीन सिस्टिमची डीव्हीडी आणली. पहिल्यांदा टाकली – निम्म्यात लाइट गेली. मग फाईल कॉपी होईना, नुसता निळा स्क्रीन. डीव्हीडी आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ कापडानं पुसली, पुन्हा टाकली... पुन्हा लाइट. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. घरात यूपीएस नाही, इन्व्हर्टर नाही. माझ्या खोलीतला सॉकेटही जळालेला, म्हणून स्वयंपाकघरातून लांब एक्स्टेन्शन ओढलेलं. सीपीयू आणि मॉनिटर, दोन्ही त्यावरच.

मुलाखत कधी ते ऐनवेळी, त्याच दिवशी सकाळी फोनवर कळलं – आज दुपारीच. लातूर गाठणं शक्य नव्हतं. गावातल्या नेट कॅफेतही लाइटचं तेच रडगाणं. मी जेवण सोडून इन्स्टॉल सुरू केलं. अक्का अंगणात उत्तरं पाठ करून राहिली होती.

निम्म्याच्या पुढं गेलं... आणि डोक्यावरचा पंखा हळू झाला. थांबला. शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर बंद पडली. मी डोळे मिटून घेतले. संपलं.

डोळे उघडले तर स्क्रीनवरची हिरवी पट्टी पुढं सरकत होती.

मला वाटलं, एखादा फेज चालू असेल. ट्यूबचं बटण दाबलं – नाही. पण कॉम्प्युटर चालू, सीपीयूचा पंखासुद्धा फिरून राहिलेला. कशाला हात लावायची हिंमत होईना. श्वास रोखून बघत बसलो. इन्स्टॉल पूर्ण झालं, मशीन आपोआप रिस्टार्ट झालं, नवा डेस्कटॉप आला. नेटचा डोंगल लावला, मित्राचा कॅमेरा लावला, दोन्ही पहिल्या फटक्यात चालले. पळत जाऊन अक्काला हात धरून आणलं. ती खुर्चीवर बसली अन् थोड्याच वेळात कॉल आला. समोर दोन साहेब आणि एक बाई.

मी दाराबाहेर उभा. घामानं शर्ट चिकटलेला. म्हटलं, बघू तरी करंट येतोय कुठून, म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आई तांदूळ निवडत बसलेली. आणि ओट्यावर, पाण्याच्या घागरीशेजारी... एक्स्टेन्शनची पिन नुसती पडलेली. सॉकेट रिकामा.

"आई, ही पिन कुणी काढली?"

"मीच की. लाइट गेल्या गेल्या काढली. मागं लाइट येताना व्होल्टेज वाढून टीव्ही जळाला न्हवं का? का रे?"

तिला दंडाला धरून खोलीच्या दारापाशी नेलं. आत अक्का बोलून राहिली होती, स्पष्ट इंग्रजीत, न अडखळता. स्क्रीनवरची बाई हसून मान हलवत होती. आईनं आधी थांबलेल्या पंख्याकडं बघितलं, मग मागं वळून वायरीकडं. तिनं पदर तोंडावर धरला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं.

"थँक यू सर, थँक यू मॅडम," अक्का म्हणाली. कॉल संपला. तिनं कानातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले... आणि स्क्रीन खटकन काळा झाला.

"आत्ता गेली होय लाइट? नशीब, सगळं बोलून झालं," ती म्हणाली.

आईनं मांडी घालून तिथंच बसकण मारली.

नोकरी लागली. अक्का आता पुण्यातच असते. ओळखीच्या वायरमनला सांगितलं तर तो म्हणाला, वायरीत दुसरीकडून करंट शिरला असेल. पण कुठून – अख्खी गल्ली बंद होती. अप्पांना सांगितलं, त्यांनी कपाळाच्या भस्माला बोट लावलं आणि दुकानात निघून गेले. मी नंतर मुद्दाम किती वेळा पिन काढून पाहिली. दरवेळी त्याच क्षणी बंद. एकदाही चाललं नाही.

तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा, मला खरंच ऐकायचंय. अक्काला विचारलं तर ती एवढंच सांगते, "मला लाइटचं काही कळलं न्हाई रे. मी बोलत होते तेवढा वेळ स्क्रीनचा उजेड माझ्या हातावर होता... अन् तो ऊबदार होता."