बाबा दर्यात असताना लिहिलेला निबंध

पावसाळाभर बाबांची होडी किनाऱ्यावर झावळांखाली शाकारलेली असायची आणि आमच्या घरात दोन्ही वेळा पेज. सोबत भाजलेला सुका बोंबील, तोही आधी बाबांच्या ताटात, उरला तर आमच्या. भिंती कुडाच्या. ओल चढली की खारवलेल्या मासळीचा वास भिंतींना यायचा, लुगड्यांना यायचा, माझ्या वेणीला यायचा. मिरकरवाड्यात, आमच्या कोळ्यांच्या वस्तीत, तो कुणाला जाणवत नसे. कॉलेजात जाणवायचा. बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी असे.

मला शिकवायचा हट्ट बाबांचा. आईचं म्हणणं साधं होतं : नापास झालीस की मासळी खारवायला बस. आणि मी नापासच होणार होते, तेही मराठीत. सहामाहीत जो नापास होईल त्याला वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही, असं मराठीच्या सरांनी वर्गात बजावलं होतं. माझे निबंध ते लाल शाईनं भरून परत द्यायचे. एकदा माझ्या वहीतली 'सागर हा रत्नांचा आकर आहे' ही सुरुवात त्यांनी मोठ्यानं वाचली.

"बाई, तुम्ही मिरकरवाड्याच्या ना? मग हा समुद्र कुणाचा उचलून आणलात?"

वर्ग खूप हसला. सर हसले नाहीत. सुविचार नंतर, म्हणाले. आधी तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं, वास कसला आला ते लिहा. वाचणाऱ्याला पहिल्याच वाक्यात उंबऱ्याच्या आत घ्या.

त्यांना काय सांगणार? आमच्यात रीत होती : होडी दर्यात असताना वाऱ्याचं, लाटांचं, उशिराचं नाव काढायचं नाही. घरधनी कुठं, असं कुणी विचारलं तर सांगायचं, बाजारात गेलेत. लहानपणी मी एकदा दर्या काळा दिसतोय म्हणाले, तर आईनं खवल्यांनी भरलेला हात माझ्या तोंडावर ठेवला. "बोलू नको गो. तो ऐकतो." म्हणून समुद्रासाठी माझ्यापाशी माझे शब्दच नव्हते. पुस्तकातले होते, त्यांनी कुणाचं वाईट होत नसे.

सहामाहीच्या दिवशी बाबा पहाटे परतायला हवे होते. परतले नाहीत. रात्रीतून वारा फिरला होता. आई ओट्यावर मीठ चाळत बसली होती. जा, पेपर चुकेल, एवढंच म्हणाली.

कॉलेजात खिडक्या आपटत होत्या, शिपाई त्या लावत फिरत होता. निबंधाचा विषय आला, 'एक सकाळ'. मी लिहिलं, 'सकाळ ही सृष्टीची प्रसन्न मुद्रा होय', आणि पुढे हात चालेना. हेच पुढे नेलं तर नापास, हे मला कळत होतं. खरं लिहिलं तर बाबा. मी चोवीस तास देवधर्म करणाऱ्यांतली नव्हते, तरी आईचं 'तो ऐकतो' कानातून जाईना.

मग ती ओळ खोडली आणि लिहिलं : 'आई मीठ चाळते आहे. चाळणीचा आवाज मध्येच थांबतो. ती वल्ह्याचा आवाज येतो का ते ऐकते, आणि पुन्हा चाळू लागते.' त्याच्या खाली 'वारा' हा शब्द लिहिला तेव्हा बाहेर खिडकीची काच फुटली. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण सरांनी वळून पाहिलं. मी थांबले नाही. ओल्या दोराचा वास लिहिला, विझलेली चूल लिहिली, बंदराकडे न बघता पाण्याला निघालेल्या बायका लिहिल्या. प्रत्येक ओळीला वाटत होतं, आपणच बाबांना पाण्याखाली ढकलतोय.

पेपर देऊन मी बंदरापर्यंत धावले. तिथं बायका उभ्या होत्या. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. दुपार कलल्यावर आमची होडी दिसली, शीड फाटलेलं, डोलकाठी मोडलेली. बाबांना दोघांनी धरून उतरवलं. ओठ मिठानं पांढरे पडले होते.

"पेपर कसा गेला गो?"

बरा गेला, मी म्हणाले. काय लिहिलं ते त्यांना कधी सांगितलं नाही, आईला तर नाहीच. कित्येक दिवस होडी सुटली की माझा जीव थाऱ्यावर नसे.

त्या सहामाहीत मी मराठीत पास झाले, वार्षिक परीक्षेला बसले, आणि पुढे बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं.