सुई नवी, सिरिंज तीच

गोपिका सुट्टीच्या दिवशी माहेरी, आंजीला आली की आधी शेजारच्या आनंदाबाईकडे डोकवायची. त्या रविवारी डोकावली तर आनंदाबाई खाटेवर पालथी पडलेली. साठीची बाई, रोज सकाळी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि पालकाच्या जुड्या घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसणारी. ती भर दुपारी खाटेवर दिसावी हेच नवल होतं.

"काय झालं वं काकू?"

"काई नाई. बसता येत नाई."

"काऊन?"

आनंदाबाई तोंड भिंतीकडे करून राहिली. तिचा नवरा नत्थूजी दारात जुड्या बांधत होता. तोच म्हणाला, "सुई पिकली तिची. सांगाले लाजून राह्यली."

गोपिकाने दार लोटलं आणि लुगडं बाजूला करून पाहिलं. उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढी गाठ होती, लालभडक, हात लावू देत नव्हती. मधोमध पिवळा टिपका. बावीस वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या बाईला आणखी काही विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं, "कोठी घेतली सुई?"

"कोठी म्हंजे? तुह्याच दवाखान्यात. तूच तं धाडलं होतं मले."

ते खरं होतं. हाताला मुंग्या येतात म्हणून आनंदाबाई कुरकुर करत होती, तेव्हा गोपिकानेच सांगितलं होतं, आमच्या दवाखान्यात ये, डॉक्टर चांगले आहेत. वर्ध्यातला तो वीस खाटांचा खाजगी दवाखाना. गोपिका तिथे अकरा वर्षं वरच्या मजल्यावरचा वॉर्ड सांभाळत होती. तिच्या वॉर्डात तिचा दरारा होता. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय औषध भरायचं नाही, पेशंटच्या तोंडून त्याचं नाव ऐकल्याशिवाय टोचायचं नाही, हात धुतल्याशिवाय ट्रेला शिवायचं नाही. कोणी चुकलं की ती सगळ्यांसमोर झापायची. नवीन पोरी तिला मागून फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

"कशी दिली सुई, मले सगळं सांग," ती म्हणाली.

"त्या बारक्या खोलीत आमी चार बाया होतो. थो पोरगा काचीच्या शिशीतून औषध ओढे. शिशीच्या बुचात एक सुई खोचलेलीच होती. माह्या आंधीच्या बाईले टोचलं, सुई काढून फेकली, नवी लावली, मंग मले टोचलं."

"अन् सिरिंज? थे प्लास्टिकची नळी?"

"नळी तेच. नळीले काय होते?"

गोपिकाचे कान तापले. नळीले काय होते. दिवाळीच्या सुमारास ती एकदा खालच्या इंजेक्शन रूमवरून गेली होती आणि उघड्या दारातून तिला ती शिशी दिसली होती, बुचात सुई खोचलेली. तेव्हा ती क्षणभर थांबली होती. मग वरून घंटा वाजली, आणि खालचं आपल्याकडे नाही असं म्हणत ती जिना चढून गेली. आता त्या जिन्याची एकेक पायरी तिला आठवली. खाली इंजेक्शन देणाऱ्या प्रफुल्लचा राग आला, डॉक्टरचा आला, पण सगळ्यात आधी स्वतःचाच आला, आणि स्वतःला झापता येत नाही म्हणून तो राग पोटात तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी तिने आनंदाबाईला सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे चीर देऊन वाटीभर पू काढला. आनंदाबाईने दात आवळून घेतले, आवाज काढला नाही. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. काविळीची आणि एचआयव्हीची तपासणी, आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा.

"फोड झाला तं रक्त कायले तपासतेत?" नत्थूजीने विचारलं.

गोपिकाने एकदा खाली पाहिलं. मग सरळ सांगून टाकलं. "दट्ट्या दाबून सुई काढताना आंगातलं थोडं रक्त नळीत येऊ शकते. डोयाले दिसत नाई. सुई बदलली तरी थे नळीतच राहते. अन् काकूच्या आंधीच्या बाईले कोणता रोग आहे, कोणाले माहीत?"

 नत्थूजीने टोपी काढून हातात घेतली आणि घरी पोचेपर्यंत परत डोक्यावर घातली नाही.

सोमवारी गोपिका वॉर्डात न जाता आधी खाली गेली. प्रफुल्ल इंजेक्शन रूममध्ये होता, पंचविशीचा, केस नीट विंचरलेला पोरगा. आधी तो एका औषधाच्या दुकानात होता, तिथून डॉक्टरांनी उचलून आणला. टेबलावर शिशी होती आणि बुचात सुई होतीच.

"हे सुई कधीपासून खोचून आहे?"

"सकाळपासून, मॅडम. मोठी शिशी आहे. दर वेळी बूच टोचलं तं बुचाचे कण पडतेत."

"या शिशीत आता हवेतला सगळा कचरा उतरून राह्यला. त्याच औषधानं माह्या काकूले फोड झाला. अन् सिरिंज?"

"सुई तं दर पेशंटले नवीन लावतो न, मॅडम," प्रफुल्ल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आपण योग्यच करतो आहोत अशी त्याची खात्री होती, आणि त्या खात्रीनेच गोपिकाचं डोकं आणखी फिरलं.

"तुले हे कोणी सांगतलं?"

"सरांनी. औषध एकच असलं तं सिरिंज चार-पाच पेशंट चालवाची."

दवाखान्याचे मालक डॉक्टर अनुप यांच्या केबिनमध्ये ती दार वाजवून गेली, पण बसली नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मोबाइलवर काहीतरी पाहत.

"सिस्टर, तुमचा वॉर्ड वर आहे."

"सर, सिरिंज बदलत नाहीत खाली."

"सुई बदलतो ना तो? मग? इतक्या वर्षांत एक तक्रार आली का?"

"आली, सर. काल. सेवाग्रामला चीर दिली तिला."

"गावातली माणसं घरी जाऊन काय काय लावतात. हळद, शेण. त्याचं खापर इथे कशाला?"

आनंदाबाईच्या कुल्ल्याला शेण. गोपिकाला वाटलं, या माणसाच्या टेबलावरची काच उचलून आपटावी. तिने हात एप्रनच्या खिशात घातले.

"सर, त्या दिवशी तिच्यासोबत आणखी तीन बाया होत्या. त्यांना बोलवा. तपासण्या करा. आधीच्याही पेशंटना कळवा."

"म्हणजे दवाखाना बंद करू? वर जा."

ती वर गेली नाही. ड्रेसिंगच्या कपाटातून तिने जांभळ्या औषधाची बाटली काढली, दोन काचेचे ग्लास घेतले, एक कोरी सिरिंज आणि दोन सुया. बाहेर ओपीडीच्या बाकांवर पंधरा-वीस माणसं बसली होती. मधल्या टेबलावर तिने एका ग्लासात जांभळं पाणी केलं, दुसऱ्यात स्वच्छ पाणी ओतलं.

"इकडे पाहा जरा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण माणसं वळली. "हे जांभळं पानी म्हंजे पहिल्या पेशंटचं रक्त समजा." सिरिंजमध्ये ते ओढलं, पूर्ण दाबून बाहेर टाकलं. सुई काढून कटरमध्ये तोडली. नवी सुई पाकिटातून काढून लावली. "आता सुई नवी आहे. बरोबर?"

"बरोबर," पुढच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला.

तिने नव्या सुईने दुसऱ्या ग्लासातलं स्वच्छ पाणी ओढलं आणि सिरिंज उजेडात धरली. नळीतलं पाणी फिकट जांभळं झालं होतं.

 एका बाईने आपल्या पोराला बाकावरून उचललं आणि ती निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघं उठले. म्हातारा जागेवरूनच प्रफुल्लला म्हणाला, "काय बे, असं करून राह्यला तू आमच्यासंगं?" प्रफुल्ल दारात उभा होता. तो ग्लासाकडे पाहत होता.

गुरुवारी गोपिकाच्या हातात कागद आला. रुग्णांसमोर गैरवर्तन केल्यामुळे सेवा समाप्त.

तिने जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अर्ज दिला. तीन पानं, स्वतःच्या हाताने लिहिलेली, तारखांसह. त्या दिवशीच्या बाकीच्या बायांना शोधून त्यांची तपासणी करावी, हे तिने दोनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली. तीन आठवड्यांनी दोन साहेब दवाखान्यात गेले. येतो म्हणून आधी फोन करून गेले. वॉर्डातली समीक्षा, गोपिकाच्या हाताखाली तयार झालेली पोरगी, तिने नंतर फोनवर सांगितलं की आदल्या दिवशी इंजेक्शन रूम धुतली, नवा कटर आला, कोऱ्या सिरिंजचे खोके रचले, भिंतीवर हात कसे धुवायचे त्याचा तक्ता लागला. अहवालात आलं, आक्षेपार्ह काही आढळले नाही. इंजेक्शनच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला फक्त आकडा होता, चार. नावं नव्हती.

"झालं नं तुहं समाधान?" नवरा कैलास म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. बायको घरी बसून भांडी आदळते, याने तो कंटाळला होता. "आता सोड."

"एका दिवसात खोली चमकली," गोपिका म्हणाली. "म्हंजे कसं असाले पाह्यजे, हे त्यायले पूर्ण ठाऊक होतं. नसतं ठाऊक, तं मी सोडलंही असतं."

कैलासने पुन्हा तो विषय काढला नाही.

महिन्याभराने प्रफुल्ल तिच्या घरी आला. त्यालाही काढलं होतं. कागदावर सगळा दोष त्याचाच लिहिला होता, सूचना असूनही पाळल्या नाहीत असा. तो दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, मले कोणी शिकवलंच नाई."

"नाई शिकवलं, हे खरं. पण विचाराले तुले कोणी मना केलं होतं?"

"नाई."

"मंग?"

 तिने त्याला तासभर तसंच बसवून ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मग आत गेली, टोचायच्या सरावासाठी दोन संत्री आणि सिरिंजची पाकिटं घेऊन आली आणि त्याच्यापुढे आदळली. "हात धू आंधी." तो आठ दिवस येत राहिला. प्रत्येक वेळी नवं पाकीट, नवी सुई, नवी सिरिंज. बूच स्पिरिटने पुसायचं, औषध ओढलं की सुई बाहेर. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवायचं नाही, सरळ कटरमध्ये. तो चुकला की ती त्याच्या हातातून संत्रं हिसकावून घ्यायची. पेशंटला टोचायचं नर्सनेच, तू फक्त मांडणी कर आणि कोणी चुकलं तर तोंड उघड, असंही तिने बजावलं. पुढे त्याला हिंगणघाटला काम लागलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते लिहून दे, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. लिहून मात्र त्याने दिलं नाही.

आनंदाबाईची जखम भरायला दोन महिने लागले. ती पुन्हा बाजारात बसू लागली, गोधडीची घडी घेऊन, एका अंगावर कललेली. गिऱ्हाईक सांभार घ्यायला वाकलं की ती जुडी हातात देता देता सांगायची, सुई घेतानी पाकीट आपल्यापुढं फोडाले लावजो, सिरिंजबी अन् सुईबी. लाज तर तिची कधीच गेली होती. कुठे टोचलं होतं तेही सांगायची.

सहा महिन्यांचा अहवाल आणायला गोपिकाच तिच्यासोबत सेवाग्रामला गेली. सगळं साफ निघालं. नत्थूजी बाहेरच्या बाकावर बसून रडला, मग चहा आणतो म्हणून उठून गेला. आनंदाबाई मात्र कागद हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"काकू, चांगलं झालं नं," गोपिका म्हणाली.

"माह्यं झालं. पण माह्या मांगं दोघी होत्या. माह्या नळीनं त्यायले टोचलं, अन् पहिलीच्याबी. त्यायले कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. नावंच नाई लिवली."

"एक पुलगावची होती. मिलजवळ राह्यते म्हने. तिची सून बाळंत झालती, थेच सांगून राह्यली होती मले." आनंदाबाईने अहवालाची घडी घालून ती पिशवीत ठेवली. "साहेब लोकायले फोन करून जाता येते, मंग आपल्याले पायानं जाता नाई येत?"

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपल्यावर दोघी पुलगावच्या बसमध्ये बसल्या. आनंदाबाई एका कुशीवर कलली होती. गोपिका खिडकीशी बसली होती, आणि मिलजवळच्या घरांतून कोणत्या घरात सहा-सात महिन्यांपूर्वी लेकरू झालं हे कोणाला विचारायचं, याचा विचार करत होती. राग सहा महिन्यांत तसूभरही कमी झाला नव्हता.