मागंबघ्याचा जिना

मागंबघ्या चहाचा कप घ्यायच्या आधी मागं बघायचा. तुम्ही कप पुढं केला, की त्याची मान आधी डाव्या खांद्यावरून मागं, मग उजव्या खांद्यावरून मागं, आणि मग कुठं हात पुढं. भाकरी वाढा, तेच. गाडीची किल्ली द्या, तेच. आमच्या अम्मानं पहिल्या दिवशी त्याच्यापुढं तांदळाच्या कण्यांची ताटली धरली, तेव्हा त्यानं इतक्यांदा मागं बघितलं, की अम्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शिकंदर, ह्याच्या मागं पोलिस तर न्हाईत ना रं?" तिसऱ्या दिवसापासून कासार आंबोलीत त्याचं पासपोर्टवरचं नाव संपलं. ते तसंही आमच्या जिभेवर बसत नव्हतं. मागंबघ्या मात्र झकास बसलं.

मी ड्रायव्हर. पुण्यातल्या एका फुटबॉल क्लबानं परदेशी खेळाडूंची ने-आण करायला माझी गाडी लावली होती. क्लबानं त्याला महाळुंग्यात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट दिला होता, पण खिडकीसमोर दुसरी इमारत चढत होती आणि दिवसभर ड्रिलचा आवाज. एकदा पौडला काही काम होतं म्हणून त्याला गाडीत बसवूनच इकडं आलो, तर आमच्या माडीवरच्या खोलीतून डोंगर बघून तो म्हणाला, "मी इथंच राहणार." क्लबानं परवानगी दिली. गावात मी सांगितलं, की फ्रान्सच्या राष्ट्रपतीनं मला स्वतः फोन करून विनंती केली. निम्म्या गावाचा अजून विश्वास आहे.

तो जन्मला फ्रान्समध्ये, पण मुळं अल्जीरियातली. बाप तिथल्या समुद्राकाठच्या डोंगरातल्या गावातून गवंडीकामाला फ्रान्सला गेला आणि तिथंच राहिला. मला आधी वाटलं, हा अरबी बोलणार, आपलंही नमाजापुरतं येतंच, जमेल. तर त्याच्या घरची बोली तिसरीच, डोंगरातली. "शहरातले लोक आमच्या बोलीला हसतात," असं त्यानं एकदा सांगितलं, तेव्हा अम्मा म्हणाली, "मंग तू आमच्यातलाच हायेस की." त्याचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं पिरंगुट वळणाचं. नांद्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत दोन्ही व्यवस्थित मिसळून जायची.

त्या रस्त्यानं रोज बालेवाडीला जाता-येता त्याची सगळी कारकीर्द मी ऐकली. सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबाच्या अकादमीत, विसाव्या वर्षी तिथून बाहेर. मग फ्रान्समध्ये खालच्या लीगमध्ये, मग ग्रीसमध्ये, मग आखातात, आणि बत्तिसाव्या वर्षी माझ्या गाडीत. तो मिडफिल्डर. मैदानाच्या मधोमध राहायचं, मागून आलेला बॉल पुढं पोचवायचा. मी चहाच्या टपरीवर सांगायचो, की ह्यानं एका मॅचमध्ये नऊ गोल केले आणि दहावा मारला तेव्हा जाळं फाटलं. त्याच्या कानावर आलं तर तो हसला. अख्ख्या कारकिर्दीत त्याचे गोल एका हाताच्या बोटांवर मावणारे. "गोल दुसरा करतो," तो म्हणाला. "त्याला पास तिसरा देतो. मी त्या तिसऱ्याला पास देतो. माझ्यावर कॅमेरा नसतो, शिकंदर."

मागं बघण्याचा उलगडाही गाडीतच झाला. बॉल पायाशी यायच्या आधी मागं कोण आहे हे ज्याला माहीत, त्याला बॉल आल्यावर घाई नाही. लहानपणी कोचनं ही सवय लावली, ती मैदानाबाहेरही उतरली. "आधी बघायचं, मग घ्यायचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी लेन बदलायच्या आधी आरशात बघतो हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तू पण मिडफिल्डर!" बत्तीस वर्षं गाडी चालवतोय मी. ड्रायव्हरला कुणी याहून मोठी पदवी दिल्याचं मला तरी माहीत नाही.

मराठी शब्द तो वेचून वेचून घ्यायचा. त्याचा सगळ्यात लाडका शब्द 'कायतरीच'. मी बाता मारायला लागलो, की अम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, "कायतरीच!" पंधरा दिवसांत तोही ओरडायला लागला. मी म्हणायचो, मुळशीच्या धरणात माझ्या वडलांनी बैलाएवढा मासा पकडला होता. आतून अम्मा आणि माडीवरून हा, दोघं एका सुरात, "कायतरीच!"

रोज संध्याकाळी त्याच्या बापाचा व्हिडिओ कॉल यायचा. म्हातारा जन्मभर सिमेंटच्या धुळीत राबलेला, छाती कामातून गेलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. सगळं आवरून तो आपल्या मूळ गावी परतला होता. आणि एक गोष्ट अशी, की या बापानं पोराला व्यावसायिक मॅच खेळताना मैदानात बसून एकदाही बघितलं नव्हतं. मॅच शनिवारी, म्हाताऱ्याला शनिवारी काम. पुढं पोरगा परदेशी. डिसेंबरात त्याच्या बापाच्या गावच्या क्लबाचा निरोप आला: पुढचा एक सीझन आमच्याकडून खेळ, फक्त डॉक्टरी तपासणीत पास हो. ज्या दिवशी निरोप आला त्या दिवशी मागंबघ्यानं अम्माला उचलून अंगणात गोल फिरवलं. "पहिल्या मॅचला बाबा स्टँडमध्ये," एवढं एकच वाक्य तो चार भाषांत बोलत होता.

आता माझ्या तोंडाकडे येतो.

भात निघालं, की शेजारच्या रिहे गावात खाचरं मोकळी होतात. गडी लोक मधले बांध कापून तीन-चार खाचरांचं एक मैदान करतात आणि गावागावांच्या मॅचेस लावतात. बांध कापला, की जिथं माती जास्त निघून खळगा पडतो तिथं पेंढा दाबून वरून माती पसरायची, ही इकडची रीत. आमच्या पोरांना कुठं पाय द्यायचा नाही हे ठाऊक असतं. रिह्याचा बाळू माझा जुना दोस्त. त्याला मी सांगून बसलो होतो, की यंदा आंबोलीकडून मागंबघ्या खेळणार. मागंबघ्याला बाहेर कुठंही खेळायला करारानं बंदी होती. खेळताना दुखापत झाली तर करार संपला, उपचारही ज्याचे त्यानं करायचे. हे मला माहीत होतं. मला वाटलं, त्याला नुसतं नेऊ, नारळ फोडायला लावू, बाळूचं तोंड बंद.

नारळ फुटला. मागंबघ्या बांधावर बसला, दोन्हीकडं मागं बघून चहा घेतला. आणि बाळू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "शिकंदरभाऊ, ह्यो कसला परदेशी खेळाडू? ह्यो तर टाइल्सवाला दिसतोय! लई फेकतोस राव तू!"

खाचरभर हशा. आयुष्यभर मला लोक असंच हसत आले आहेत आणि मीही त्यांच्यात मिसळून हसत आलोय. पण त्या दिवशी कोण जाणे, माझा चेहरा उतरला असणार. कारण मागंबघ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला मराठी कळलं नसेल, चेहरा कळला. त्यानं कप खाली ठेवला, बूट काढले आणि अनवाणी आत उतरला. मी "नको" म्हणालो. खरं सांगतो, हळू म्हणालो.

दहा मिनिटं खेळला असेल. यात एक शब्दही वाढवत नाही. बॉल त्याच्याकडं यायचा आणि वाटायचं खाचरातली सगळी माणसं एकदम सावकाश झालीत. एकानं मागून धाव घ्यावी आणि ह्यानं न बघता त्याला चुकवून बॉल नेमक्या मोकळ्या माणसापाशी सोडावा. हसणारे बांधाच्या कडेला सरकले. बाळू उभा राहून ओरडायला लागला, "अरं ह्यो मानूस हाय का काय हाय!" मी तर हवेत होतो.

मग एक बॉल उंच आला. त्यानं डावीकडून मागं बघितलं, उजवीकडून मागं बघितलं, सगळी माणसं हिशोबात घेतली. पायाखाली बघितलं नाही. पाय पेंढ्याच्या खळग्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि अंग पुढं गेलं.

पोरांनी त्याला उचलून आणलं. बांधावर माझ्या शेजारी बसून गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "शिकंदर, तुझा जिना. मी तुझ्या जिन्यावरून पडलो. ओला होता."

गाडीत मला त्यानं समजावलं. खेळताना पडलो असं सांगितलं, तर त्याचे उपचार जातात आणि त्याला तिथं नेलं म्हणून माझी गाडी जाते. जिन्यावरून पडला तर दोघंही वाचतात. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. आयुष्यातली एकच थाप मारली, आणि ती माझ्यासाठी.

क्लबानं विश्वास ठेवला. गुडघ्याचा मोठा लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालशील छान, खेळायचं विसर. बापाच्या गावच्या क्लबानं सभ्य भाषेत कळवलं, की जागा भरली.

दोन महिने तो आमच्याकडंच होता. माडी चढता येईना, म्हणून अम्माच्या खोलीत त्याची खाट. अम्माला मी सगळं सांगितलं होतं.  एका संध्याकाळी म्हाताऱ्याचा कॉल आला आणि तो हटूनच बसला: पोरगा पडला तो जिना मला दाखवा. उद्या, उजेडात.

मागंबघ्यानं फोन उशाशी ठेवला. "बाबानं चाळीस वर्षं जिने बांधलेत," तो म्हणाला. "बघितल्याबरोबर ओळखेल, की इथून कुणी पडणार नाही."

आणि ते खरंच होतं. आमचा जिना माझ्या वडलांनी बांधला. तेही गवंडी. पायऱ्या सगळ्या सारख्या, कडांना गोलाई, पाणी साठू नये म्हणून प्रत्येक पायरीला बोटभर उतार. बाळंतिणी त्या जिन्यानं चढल्या-उतरल्या, पाऊस-पाण्यात पोरं त्यावर नाचली, कधी कुणाचा पाय सरकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेतला. तिसऱ्या पायरीची कड फोडली, वरचा थर खरवडून वाकडा केला. अम्मा दारात उभी राहून बघत होती. "त्येंच्या हातचा हाय त्यो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुपारी फोन धरून म्हाताऱ्याला पायरी दाखवली. तो नळीतून श्वास घेत कितीतरी वेळ बघत राहिला. मग तावातावानं बोलला. मागंबघ्यानं मान खाली घालून मला अर्थ सांगितला, "बाबा विचारतोय, हे कुठल्या गाढवानं बांधलं? म्हणतोय, माझ्या पोराचा पाय या माणसानं मोडला."

मी म्हणालो, "सांग त्यांना, होता एक अडाणी. आता नाही तो." आणि हसलोसुद्धा. मला हसता येतं कशावरही.

पण म्हाताऱ्याचा राग दुसऱ्या दिवशी निवळला. त्यानं वहीच्या कागदावर नकाशा काढून पाठवला: तिसरी पायरी कशी भरायची, सळई कुठं टाकायची, किती दिवस पाणी मारायचं. खाली लिहिलेलं मागंबघ्यानं वाचून दाखवलं, "पुन्हा कुणाच्या पोराचं असं होऊ नये." मी तशीच भरली. सात दिवस पाणी मारलं. फोटो पाठवला, तर म्हाताऱ्यानं नळीसकट मान डोलावली.

मार्चमध्ये त्याला विमानतळावर सोडलं. दाराशी पिशवी त्याच्या हातात देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ, वर्षभरात तू पळत येशील आणि आमचा जिना तीन उड्यांत चढशील." तो हसला. "कायतरीच," म्हणाला. आणि मागं न बघता पिशवी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

शरदात एक फोटो आला. डोंगराखालचं छोटं स्टेडियम, पहिली मॅच, स्टँडमध्ये बाप आणि मागंबघ्या शेजारी. म्हातारा नळी लावून मैदानावरच्या आठ नंबरकडं बघतोय. तो आठ नंबर दुसराच कुणीतरी. महिन्याभरात म्हातारा गेला. शेवटपर्यंत त्याला जिन्याचंच खरं वाटलं. मागंबघ्या आता फ्रान्समध्ये भावाच्या टाइल्सच्या दुकानात आहे. बाळूला हे मी अजून सांगितलेलं नाही.

आमच्या जिन्याची तिसरी पायरी रंगानं वेगळी दिसते. येणारा-जाणारा विचारतो. कुणाला मी सांगतो, तिथं हत्ती बसला होता. कुणाला सांगतो, वीज पडली. लोक हसतात. आतून अम्माचा आवाज येत नाही. ती हल्ली 'कायतरीच' म्हणत नाही, आणि वर जायचं झालं तर तिसऱ्या पायरीवर पाय न देता चढते. या वयात.

म्हाताऱ्याला सांगायचं राहिलं, म्हणून निदान इथं लिहून ठेवतो. जिना चांगला होता.