माळवदावरचा अकीक

आमच्या तेर गावात घरांवर माळवद, मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी गावच्या टेकाडाची पांढरी माती आणायची, छतावर पसरून तुडवायची, म्हणजे घर गळत न्हाय. टेकाडाखाली जुनं शहर गाडलेलं हाय हे सगळ्यांना ठाऊक. पण माती चांगली, म्हणून आम्ही ते शहर पाट्या भरभरून डोक्यावर चढवत होतो. शहाणे कुठले!

निजाम जाऊन सात-आठ वर्सं झाली असतील. लग्न नवं होतं. वर ढेकळं फोडता फोडता बायको ओरडली, "अवं, हे बघा!" तळव्यावर बोराएवढा मणी. पदरानं पुसून उन्हात धरला, तर आत निखारा फुंकल्यावानी लाल-नारंगी!

"काच हाय," मी म्हणलो. चौथी नापास माणूस, मला काय कळत होतं?

बायको गेली त्याला आता दुसरं वर्स लागलं. घर खायला उठतंय. पण तो दिवस आठवला की अजून छाती धडधडती.

त्या दिवशी खाली उतरलो तर माझी आई तयारच. "मेल्या बाईच्या गळ्यातलं असंल. घरात नको."

"बाई मेली, आत्याबाई. मणी कुठं मेलाय?" बायको सासूला म्हणली.

आईनं नियम काढला. मडकं विटाळलं तर फोडावं लागतं, तांब्या घासला की झाला. तसंच, काच असंल तर नदीत टाकायची. खडा असंल तर धुवून घालायचा. "इचारून या, मगच उंबऱ्याच्या आत."

धाराशिवच्या उरुसात गेलो. अंगठ्या विकणाऱ्या म्हाताऱ्या चाचांनी मणी आधी ओठाला लावला. "ठंडा है."

"काच बी गार लागती," मी म्हणलो. बायकोनं असं बघितलं की बास.

चाचांनी काचेचा तुकडा घेतला अन् मण्याची कड त्यावर ओढली. कर्र! काचेवर पांढरी रेघ, मण्याला काही न्हाय. "अकीक है बेटी, अकीक! असली खडा!"

आम्ही दोघं तिथंच खाली बसलो. चाचा सांगत सुटले. हा दगड मुळात भुरकट. मडक्यात घालून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजला की ही लाली चढती. भोक दोन्हीकडून पाडत आणायचं, मधी दोन्ही भोकांची गाठ पडती, जरा सरकून. "देखो," म्हणून मणी माझ्या डोळ्याला लावला, तर आत खरंच बारीक पायरी! कुण्या माणसानं हातानं केलेली! असले मणी गलबतानं दर्यापार जायचे म्हणे. अन् अकीक घातला की राग निवतो.

"मग यांनाच घाला," बायको म्हणली.

एसटीत ती सारखी मूठ उघडायची, मिटायची. दारात आई उभी. मी एका दमात सगळं सांगितलं. आईनं मणी लोट्यात धुतला, ओठाला लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग काळ्या दोऱ्यात ओवून सुनेच्या गळ्यात बांधला. "झाकून ठिव," म्हणली.

झाकतीय कशाची! तासाभरात गल्ली आमच्या दारात, अन् ही काचेचा तुकडा घेऊन एकेकीला कर्र करून दाखवतीय. दरवेळी शेवट एकच: "अन् आमचे हे काच म्हणत होते!"